खजुराच्या डब्यात व्हेप भरून माझ्या हातात दिलंस?

तीन आठवडे झाले, माझा राग उतरलेला नाही. रात्री पाठ टेकली की दुबई विमानतळावरची ती खोली डोळ्यांसमोर येते. टेबलावर माझी उघडी बॅग, ह्यांचे बनियन, लेकीने दिलेली साडी, नातवाच्या बारशाचे फोटो घातलेलं पाकीट, सगळं परक्या माणसांसमोर पसरलेलं, आणि मधोमध तो खजुराचा डबा.

लेकीचं बाळंतपण आटोपून आम्ही दोघं ठाण्याला परत येत होतो. निघायच्या आदल्या दिवशी ह्यांच्या चुलतभावाचा मुलगा शारजाला लेकीच्या घरी आला. चार वर्षं दुबईत नोकरी करतो. वाकून नमस्कार केला, चहा प्यायला, बाळाच्या हातात पैसे ठेवले आणि उठता उठता म्हणाला, "काकू, बॅगेत थोडी जागा आहे का? खजूर आहे, माझ्या मित्रासाठी. तो तुमच्या घरी येऊन घेऊन जाईल." नाही कोण म्हणणार? आपल्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय. जाताना पुरणपोळ्या, चकलीची भाजणी, लोणचं न्यायचं, येताना कुणाचं अत्तर नाहीतर सुकामेवा आणायचा. डबा सीलबंद होता, वर दुकानाचं स्टिकर होतं. मी साड्यांच्या घडीत नीट बसवला, खजूर दबू नये म्हणून.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, बॅग तुम्हीच भरली का, कुणी काही दिलंय का. मी म्हटलं, मीच भरली, कुणी काही दिलं नाही. घरच्या मुलाने दिलेलं ते "कुणी दिलेलं" असतं असं माझ्या मनातच आलं नाही. पुढे त्या खोलीत हेच वाक्य त्यांनी मला ऐकवलं.

गेटपाशी बसलो होतो. ह्यांनी बीपीची गोळी नुकतीच घेतली होती. माझं नाव पुकारलं गेलं. वाटलं सीटबद्दल काही असेल. तिथला माणूस म्हणाला, एकट्याच चला, चेक-इन केलेल्या बॅगेबद्दल आहे. ह्यांना तिथेच बसवून मी त्याच्या मागे चालत राहिले. किती दारं, किती जिने, किती वेळ, मला सांगता येणार नाही. पडद्यावर माझ्या बॅगेचा एक्स-रे होता. त्याने बोट ठेवलं. डब्याच्या आत ओळीने मांडलेल्या नळ्या. "हे काय आहे?" मी म्हटलं, "खजूर." खजूर होताच, वरच्या एका थरात. त्याखाली पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याखाली चौदा व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेट. फिक्या गुलाबी, पोपटी, आकाशी रंगाचे, लहान मुलांच्या कंपासपेटीत शोभतील असे. एकावर आंब्याचं चित्र, एकावर कलिंगडाचं. छप्पन्न वर्षांची बाई मी, आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, आणि त्या माणसाला हिंदीत सांगत होते की हे माझं नाही. तो शांतपणे म्हणाला, बॅग तुमची आहे ना?

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चौदा नग काढून घेतले, कागदावर माझी सही घेतली, बॅग मला पुन्हा भरायला लावली. थरथरत्या हातांनी साड्या कोंबल्या. परत धावत आले तेव्हा गेटवर फक्त हे उभे होते, घामाने सदरा भिजलेला, तिथल्या पोरीला विनवत होते की बायको येतेय, दोन मिनिटं थांबा. ह्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. दार बंद झालं असतं तर त्या रात्री आम्ही दोघं म्हातारे कुठे गेलो असतो? विमान सुटल्यावर घोषणा झाली, विमानात धूम्रपान आणि ई-सिगारेटला सक्त मनाई आहे. मी शालीत तोंड घालून रडले. ह्यांनी काही विचारलं नाही, फक्त हात धरून ठेवला.

घरी पोहोचल्यावर त्या मुलाला फोन लावला. वाटलं होतं, घाबरेल, रडेल, निदान माफी मागेल. तो काय म्हणाला? "अहो काकू, ते हँडबॅगेत ठेवायचं असतं ना! चेक-इनमध्ये का टाकलंत?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चूक केली! डब्यात काय आहे हे मला न सांगता, तो कुठे ठेवायचा ते मला माहीत असायला हवं होतं!

आणि तू तिकडे चार वर्षं राहतोस, विमानाने ये-जा करतोस, म्हणजे तुला नियम माहीत होता. आता मलाही पाठ झालाय, कारण त्या दिवसापासून मी शोधून शोधून वाचलंय. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ई-सिगारेट चेक-इनच्या सामानात घालायला जगभर बंदी केली. का? तर त्या नळीत लिथियमची बॅटरी असते आणि तिच्याशी जोडलेली तापणारी तार असते. सामानाच्या दाबाने ती आपोआप चालू झाली, किंवा बॅटरीला मार बसला, की ती तापायला लागते, आणि एकदा तापली की स्वतःच्याच उष्णतेने अजून तापत जाते, शेजारच्या बॅटरीलाही पेटवते. सामानाच्या कप्प्यात आग विझवणारा वायू सोडायची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत चाललेली उष्णता थांबवू शकत नाही. वर केबिनमध्ये धूर निघाला तर निदान कुणाला तरी दिसतो, कर्मचारी पाणी घेऊन धावतात. म्हणून ती जवळ ठेवायची, आणि विमानात ओढायची नाही, चार्जही करायची नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एक विमान पेटलं. सुरुवात डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून झाली, संशय पॉवर बँकेवर होता. आत १७६ माणसं होती. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळी वाचली. आमच्या पोटाखाली सामानाच्या कप्प्यात, साड्या आणि कपड्यांच्या मधे, चौदा बॅटऱ्या एकमेकींना चिकटून प्रवासाला निघाल्या असत्या या मुलामुळे. त्या विमानात लेकुरवाळ्या बायका होत्या. माझा नवरा होता.

बरं, हँडबॅगेत ठेवलं असतं तर? मग मी मुंबईत अडकले असते. हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही, की सोयीस्करपणे शिरू देत नाही? विमानाचा नियम वेगळा आणि देशाचा कायदा वेगळा. विमान कंपनी सांगते जवळ ठेवा, तेवढं वाचून ही पोरं खूश होतात. भारतात ई-सिगारेटवर सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. करायचं नाही, विकायचं नाही, आणायचं नाही, पाठवायचं नाही, वाहून न्यायचं नाही, साठवायचं नाही, जाहिरातही नाही. अख्खी वस्तू नाही आणि तिचा सुटा भागही नाही. गंमत बघा म्हणणार नाही, कारण यात गंमत काही नाही, पण त्याच २०१९ मध्ये अमिरातीत त्याची विक्री कायदेशीर झाली. तिकडे दुकानात उघड्यावर मिळतं, म्हणून ह्यांना वाटतं ते चॉकलेटसारखं घेऊन यावं.

शिक्षा काय आहे ते त्याच्या आईलाही मी वाचून दाखवलं. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. नुसतं साठवून ठेवलं तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मुंबईत ग्रीन चॅनेलमधून मान ताठ ठेवून मी चालत निघाले असते, काही जाहीर करण्यासारखं नाही असं समजून, आणि डबा उघडला गेला असता तर कस्टमच्या कागदावर नाव माझं लागलं असतं. पाचपाखाडीतल्या माझ्या घरात, देवघराच्या खालच्या कपाटात मी तो डबा जपून ठेवला असता, मित्र येईपर्यंत. आणि पोलीस आले असते तर दार मी उघडलं असतं. तो तिकडे एसीत बसून राहिला असता.

"पण त्यात निकोटिन नव्हतं काकू, फक्त फ्लेवर," हे त्याचं दुसरं उत्तर. अरे, कायद्याने व्याख्या करतानाच लिहिलंय, निकोटिन असो वा नसो, आकार कुठलाही असो, नाव काहीही असो. तापवून वाफ ओढायची वस्तू म्हणजे ई-सिगारेट. ई-हुक्काही त्यातच. तुला पळवाट मिळू नये म्हणूनच ते असं लिहिलंय.

तिसरं उत्तर, "सगळेच आणतात." सगळेच म्हणजे कोण? तू का नाही आणलंस? मे महिन्यात तू स्वतः ठाण्याला आला होतास, तेव्हा तुझ्या बॅगेत का नव्हतं? कारण तुझा पासपोर्ट, तुझी नोकरी, तुझा व्हिसा तुला जपायचा होता. माझं काय, साठीला आलेली बाई, कुंकू लावलेली, नऊवारी नेसणाऱ्या सासूची सून, हिच्यावर कुणी संशय घेणार नाही! दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, आणि तो खांदा सुद्धा घरातल्याच बाईचा शोधायचा. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. तू मला चुकून डबा दिला नाहीस, तू मला निवडलंस.

आणि तो मित्र! आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. कोवळा आवाज, वीस-एकवीसचा असेल. "काकू, माझं पार्सल?" मी सांगितलं, तुझं पार्सल दुबईच्या विमानतळावर जमा झालं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण मी पैसे दिलेत. मला पुढे द्यायचेत." पुढे द्यायचेत. चौदाच्या चौदा एक मुलगा ओढणार नव्हता, हे मला तोवर कळायला हवं होतं. कुणाला देणार होतास, विचारलं, तर फोन ठेवला. नंतर दोनदा मेसेज केला, नुकसानीचं काय म्हणून. माझ्याकडे नुकसानभरपाई मागतो!

मी रोज संध्याकाळी उपवनला फिरायला जाते. तलावाच्या कडेला कॉलेजची पोरं-पोरी बसलेली असतात, हातात मार्कर पेनासारखं काहीतरी, तोंडातून गोड वासाचा ढग. आधी मी बघितलं की पुढे जायचे, आजकालची मुलं म्हणून. आता पाय थबकतात. शाळेचा गणवेश घातलेला एक मुलगा परवा बघितला, नववी-दहावीतला. या वस्तूवर सहा वर्षांहून जास्त काळ बंदी आहे, तरी ती याच्या हातात कशी आली? कुणाच्या तरी काकूच्या, मावशीच्या, आजीच्या बॅगेतून आली. खजुराखाली, काजूखाली, बेबी पावडरच्या डब्यातून आली. त्या बायकांना अजून माहीतही नसेल.

चुलत जाऊबाईंना हे सगळं सांगितलं. म्हटलं, आई आहे, हादरेल. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना वहिनी, सापडलं नाही ना इकडे? मुलगा आहे, चुकतो. घरातली गोष्ट घरात ठेवा." एवढंच. ह्यांना त्या रात्री छातीत धडधड होत होती, आम्ही सहार विमानतळावरून ठाण्याला यायच्या ऐवजी थेट हॉस्पिटलात जायचं का असा विचार मी टॅक्सीत करत होते, हे सांगितल्यावरही त्या एवढंच म्हणाल्या. वर परवा घरच्या ग्रुपवर त्यांचाच मेसेज, पुढच्या महिन्यात दुबईला कोण जातंय, कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवायची आहे.

माझ्या लेकीचे सासू-सासरे जाणार आहेत. त्यांनी मला विचारलं, घेऊ का? मी नाही म्हणून सांगितलं, आणि का ते सगळं सांगितलं, चौदा नगांसकट. जाऊबाई रुसल्यात, ग्रुप सोडून गेल्यात. रुसू देत. तो मुलगा दिवाळीला ठाण्यात येणार आहे. आला की आधी माझ्या घरी यावं. खुर्चीत बसलेल्या काकांच्या समोर उभं राहावं आणि त्या डब्यात आपण काय भरलं होतं, ते स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगावं. तोवर त्या घरातली बरणी असो, डबा असो, नाहीतर नुसतं बंद पाकीट असो, आमच्याकडचं कुणीही ते बॅगेत घालणार नाही.