"पोरं झोपून राहतात, बाहेरून कडी लावा अन् चालायला निघा": या मेसेजला माझं उत्तर

आमच्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला. तीन दिवसांत मलाच पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांना माहीत आहे की मी वजन कमी करून राहिलो म्हणून. मेसेजमधलं थोडक्यात सांगतो. लेकरंबाळं असलेल्या आईबापांनी पहाटे पाचला उठावं, पोरं झोपलेलीच असतात, बाहेरून कडी लावून तासभर चालून यावं. उपाशीपोटी कोमट पाणी, लिंबू अन् मध घ्यावं, चरबी वितळते, पोरांनाही एक चमचा द्यावा. भात बंद, रात्रीचं जेवण बंद. महिन्यात दहा किलो हमखास. पोरगं गुबगुबीत असेल तर त्यालाही सोबत डायटवर घ्यावं. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, टाईम नाही म्हणणारे फक्त बहाणे करतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात कृषी केंद्र चालवतो. दिवसभर काउंटरमागं खुर्चीवर. बायको सिस्टर आहे, डिलिव्हरीची केस आली की रात्रीची ड्युटी. आई भावाकडे अमरावतीला असते. पोरगी दुसरीत, पोरगा अडीच वर्षांचा. मागच्या दिवाळीनंतर वजन ९१ भरलं, कंबर १०२ सेंटीमीटर (आपल्या इकडच्या पुरुषांना ९० च्या वर गेली की धोका धरतात, बायांना ८० च्या वर), आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.१ आली, म्हणजे अजून डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर. तर वजन कमी केलंच पाहिजे याबद्दल माझा वाद नाही. वाद या मेसेजमधल्या एकेका ओळीशी आहे.

पहिली ओळ कडीची. ही मी स्वतः करून पाहिली आहे, म्हणून सगळ्यात जास्त यावरच बोलणार. बायकोची नाईट होती, मी सव्वापाचला उठलो, पोरीला हलवून सांगितलं की भावाकडे लक्ष ठेव, तिनं झोपेतच हूं केलं, आणि मी कडी लावून निघालो. चाळीस मिनिटांत परत आलो. कडी उघडली तर बाजेवर पोरगी गाढ झोपलेली, बाजूची जागा रिकामी. न्हाणीत गेलो. पोरगा बकेटजवळ उभा होता, दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात, आत तरंगणारा मग धरायला वाकलेला, आणि त्याच्या टाचा उचललेल्या होत्या. फक्त बोटांवर उभा. बकेट अर्धीच भरलेली होती. मी काखेत धरून मागे ओढला तर तो हसला, त्याला वाटलं पप्पा खेळून राहिले. मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो, बायको येईस्तोवर त्याला खाली ठेवला नाही.

बायकोनं नंतर जे सांगितलं ते सगळ्यांनी वाचा. एक ते चार वर्षांची लेकरं बुडण्याचं प्रमाण सगळ्या वयांत जास्त आहे, आणि त्यासाठी विहीर नाही लागत, वीतभरही पाणी नाही लागत, दोन इंच पुरतं. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असते, तोल गेला की पुढेच जातात आणि स्वतःहून वर येता येत नाही. आवाजही होत नाही. ओरडायला, हातपाय आपटायला जमतच नाही, म्हणून बाजूच्या खोलीत माणूस असला तरी कळत नाही, मग कडीच्या बाहेर अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या बापाला काय कळणार.

आणि बाहेरून कडी लावली म्हणजे पोरगं सुरक्षित झालं असं ज्याला वाटते त्यानं आपल्या घरात आत काय काय आहे ते एकदा पाहावं. आपल्याकडे फवारणीचं औषध कुठं राहते? बाजेखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीमागं. उरलेलं अर्धं कोल्ड्रिंकच्या बाटलीत. मी रोज विकतो म्हणून सांगतो, डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा, पण बाटली बदलली की तो त्रिकोणही गेला आणि अडीच वर्षांच्या लेकराला ती शरबताची बाटली वाटते. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, ती मोठी माणसं होती, नाकातोंडातून अन् कातडीतून गेलेल्या औषधानं. लेकराच्या एवढ्याशा अंगाला तर घोट दोन घोटही खूप झाले. असं कधी झालंच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या आणि १०८ लावा. पावसाळ्यात मण्यार सापाचं वेगळंच, तो रात्री घरात शिरतो, खाली झोपलेल्याला चावतो आणि चावल्याचं नीट दुखतही नाही. हे सगळं सात वर्षांच्या पोरीच्या भरवशावर सोडायचं? तिला मी त्या दिवशी रागावलो नाही. ती तिची चूक नव्हतीच.

आता मध-लिंबू. यावर फार बोलत नाही. कोणतंही पाणी चरबी वितळवत नाही. मोठा चमचाभर मधात साधारण ६० कॅलरी आहेत, म्हणजे ती साखरच समजा. पण "पोरांनाही एक चमचा" हे मात्र खोडलंच पाहिजे, कारण आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी मध चाटवायची रीत अजून आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचं नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडते.

महिन्यात दहा किलो. मी दुकानदार आहे, हिशोब करूनच पाहतो. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोच्या ७७,०००. तीस दिवसांनी भागा, रोजची तूट २,५०० च्या वर जाते. मी दिवसभरात खातोच जवळपास तेवढं! म्हणजे महिनाभर काहीच न खाता कामं करायची. एवढ्या झपाट्यानं काटा खाली गेला तर त्यात पाणी असते, हातापायाचं मांस असते, वरून पित्ताशयात खडे व्हायची भीती. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, एवढंच धरून चाला.

भात बंद करायचा म्हणतात आणि त्याच माणसाला दिवसातून पाच चहा चालतात. दोन-दोन चमचे साखर धरली तर ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी, वाटीभर भातापेक्षा जास्त. मी भात सोडला नाही, एक मूद घेतो वरणासोबत. चहा दोन केले, अर्धा चमचा साखर. दुकानात चार वाजता यायचा तो आलुबोंडा-रस्सा बंद केला, डब्यात फुटाणे ठेवले. माझ्या वजनाच्या माणसानं तासभर झपझप चालून ३००-३५० कॅलरी जळतात, आणि दोन आलुबोंडे रस्श्यासकट ते सगळं परत भरून देतात.

रात्रीचं जेवण मी आठ दिवस बंद केलं होतं, तेही सांगतो. आमचं चौघांचं सोबत बसणं दिवसातून एकदाच होते, तेही रात्री, तेही बायकोची ड्युटी नसली तर. मी नुसता बसायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी पोरीनं ताटातली पोळी बाजूला सारली. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हणे, "पप्पा नाही जेवत तर मलेबी नको, मी जाडी होईन." सात वर्षांची पोरगी. दुसऱ्या दिवसापासून मी ताट वाढून घेतलं. आता तीच ज्वारीची भाकर, तेच चून (पिठलं), जवसाची चटणी, फक्त भाजी आधी आणि जास्त, आणि जेवण आठच्या आत. तेल महिन्याला चार किलो लागायचं ते तीनवर आणलं, बायकोनं पळी बदलून चमचा केला एवढंच. पोरांच्या भाकरीवरचं तूप तसंच आहे.

म्हणून ती "पोरालाही डायटवर घ्या" ओळ वाचली तेव्हा माझं डोकं फिरलं. लेकरं वाढीची आहेत. त्यांचं जेवण तोडायचं नसते, वजनाची शंका असेल तर अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, ताईकडे वाढीचा तक्ता असतो, तो पाहा, डॉक्टरला दाखवा. पाच-पाच रुपयांची कुरकुऱ्याची पाकिटं बंद करा, हातातला मोबाईल काढून मैदानात सोडा. आणि पाहुण्यांसमोर ढोल्या, भोपळ्या म्हणणं तर आजच बंद करा.

राहिला टाईमचा बहाणा. ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरी पोरांजवळ कोणीतरी जागं असेल, म्हणून त्याला पहाटेचा तास सापडला. आमच्याकडे तो तास कोणाच्या तरी झोपेतून नाहीतर लेकराच्या जिवावर काढावा लागते. आणि तासभर सलग चालायची गरजही नाही, आठवड्याचे १५० मिनिटं पुरतात, तुकड्यातुकड्यात केले तरी चालते हे जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. मी पोरीला शाळेत पायी सोडतो, जाऊन-येऊन २० मिनिटं. संध्याकाळी दुकान पोराला सोपवून (दुकानात कामाला आहे तो) अर्धा तास झेडपी शाळेच्या मैदानात, माझी दोन्ही लेकरं सोबत, धाकटा दमला की खांद्यावर. रोडनं नेत नाही, कापसाच्या गाड्या अन् बिनलाईटच्या ट्रॉल्या असतात. बायकोची सुट्टी असली की तिचा नंबर, ती चालते आणि मी घरी, कारण बाळंतपणानंतर तिचंही वजन वाढलंच आहे, तिला कोणी मेसेज पाठवत नाही एवढंच.

सात महिन्यांत ९१ चे ८४ झाले. कधी एखादा आठवडा काटा हलतच नाही, कधी फवारणीच्या सीझनमध्ये दुकानातून उठताच येत नाही, तेव्हा चालणं सुटते, सुटू देतो. उद्या तिची परत नाईट आहे, म्हणजे सकाळी मी घरीच. न्हाणीतली बकेट आत्ताच रिकामी करून पालथी घालून आलो.