म्हणे कार्ड बदलवलं!

चार दिवस लग्नाला वर्ध्याला होतो. काल दुपारी घरी पाय ठेवला तोच साईटवरच्या पोराचा फोन. "भाऊ, हॉटलाइन एकाच बाजूनं चालून राहिली. तिकडचा फोन येते, आपला जात नाही. कार्डपण बदलवलं, तरी तेच."

कार्ड बदलवलं. एवढं ऐकलं की माझ्या डोक्यात सणक जाते. बॅग तशीच टाकली आणि 45 डिग्रीच्या उन्हात बुटीबोरी गाठली.

मक्स, म्हणजे एका लाइनीवर 30 फोन नेणारी ती कार्डांची पेटी, हिरवीगार, एकही अलार्म नाही. त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर ही मंडळी चार दिवस पलीकडच्या टोकाला शिव्या घालत बसली होती. अरे, अलार्म कशाला येईल? 2.048 एमबीपीएसची मुख्य लाइन शाबूत आहे, 30 पैकी 29 चॅनेल बोलून राहिले. टाइमस्लॉट 16 मध्ये, म्हणजे कोणी फोन उचलला ते सांगणाऱ्या कप्प्यात, या एका चॅनेलचे बिट ट्रंक (दोन टोकांमधली फोनची वाट) मोकळी असल्याचं सांगतात, आणि मोकळी ट्रंक हा काही बिघाड नव्हे. हिरवा दिवा बघून ई अँड एम कळत नसतं! फोन उचलल्याचा इशारा देणाऱ्या वायरी त्या, एम जाणाऱ्या इशाऱ्याची, ई येणाऱ्या.

यांनी घातलेलं कार्ड काढलं, जम्पर (कार्डावर सेटिंग बदलायच्या छोट्या पिना) पाहिले. इशारा देण्याची पद्धत टाइप वन. आपलं एक्स्चेंज टाइप फाईव्ह, मी या साईटवर आलो तेव्हापासून टाइप फाईव्ह. इकडे रिसीव्हर उचलला की एक्स्चेंज एमच्या वायरवर ग्राउंड देतं, आणि हे कार्ड तिथे उणे 48 व्होल्टची वाट बघतं. त्याच्या हिशेबात ग्राउंड म्हणजे कोणी काही उचललेलंच नाही. ई मात्र दोन्ही टाइपमध्ये ग्राउंडच देते, म्हणून तिकडची घंटी इकडे वाजत होती. आणि इकडच्यानं उचललं तरी ते तिकडे कळत नव्हतं. एक जम्पर, फक्त एक! जुनं कार्ड शेजारी ठेवून दोन मिनिटं जुळवून पाहिलं असतं तर चार दिवस गेले नसते. स्पेअर कपाटातून काढलं, बोटानं ढकललं, झालं काम.

मग विचारलं, जुनं कार्ड कुठाय? "इथंच होतं भाऊ." सापडलं स्टीलच्या कपाटावर, थर्माकोलच्या तुकड्यावर. थर्माकोलवर, जिथे स्टॅटिक वीज साठते! मे महिन्यातलं नागपूर, एसी खोलीतली कोरडीठक्क हवा, अंगात टेरिकॉटचा शर्ट, आणि हा पठ्ठ्या कार्ड चिपांना धरून उपसतो. कडेला धरायला हँडल दिलेलं आहे, ते शोभेला नाही. अंगातली स्टॅटिक उतरवायचा मनगटाचा पट्टा रॅकच्या खिळ्याला लटकलेला, त्यावर बोटभर धूळ. म्हणतो, "चटका तर बसला नाही ना!" अरे बाबा, तुला चटका जाणवायला 3000 व्होल्टच्या आसपास लागतात. चिप त्याच्या कितीतरी खाली मरते. मरते तेही बरं, अर्धमेली होते ते वाईट. आज चालते, दीड महिन्यानं रात्री दोनला बंद पडते. तेव्हा कोणाला उठवता? मला.

आणि ते खोडरबर! कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासायचं यांना कोणी शिकवलं, त्याला मला एकदा भेटायचं आहे. मुलामा केसाएवढाही जाड नसतो, तो घासून काढतात आणि रबराचा भुगा कनेक्टरमध्ये भरतात. मागच्या पावसाळ्यात एकानं आवाज कमी येतो म्हणून स्क्रूड्रायव्हरनं गेन, म्हणजे आवाज वाढवायचा स्क्रू, पिळला. टू वायरचं सर्किट ते, येणारा-जाणारा आवाज एकाच जोडीवर, शिट्टी मारायला लागलं. लेव्हल मीटर कपाटात होता, त्याला हात नाही लावला. खराब कार्ड चिठ्ठी न लावता स्पेअरमध्ये ठेवणाऱ्यांबद्दल तर मी आज बोलतच नाही. एकच स्पेअर मी तीनदा "नवं" म्हणून लावलं आहे.

शेवटी विचारलं, मुळात कार्ड काढलं काहून?

"आवाज खरखर करून राहिला होता."

एमडीएफवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडतात त्या फ्रेमवर, गेलो. क्रोनच्या मॉड्यूलमध्ये (तारा टूलनं दाबून बसवायची पट्टी) त्या हॉटलाइनच्या पेअरची एक तार अर्धवट बसलेली. टूल लावलं, खट्ट केलं, खरखर गेली. म्हणजे कार्डात काहीच नव्हतं. चांगलं, जुळवलेलं, चालतं कार्ड उपसून चार दिवस थर्माकोलवर झोपवलं, आणि त्याच्या जागी चुकीचं बसवलं.

स्पेअरचा जम्पर टाइप फाईव्हवर घेतला आणि तेच लावून आलो. दोन्हीकडून फोन लागला. जुनं कार्ड काळ्या पिशवीत घालून वर तारीख आणि "थर्माकोलवर होतं" असं लिहिलं, आता त्याच्यावर माझा भरवसा नाही.

पोराला सांगून आलो, पुढच्या वेळी हँडलला हात लावायच्या आधी मला फोन कर. मी वरातीत असलो तरी उचलीन.