आग लागेना, बंब दारात

परवा सुरक्षा विभागाने माझा अर्ज परत पाठवला. शेरा होता, ‘अग्निशमन ना-हरकत जोडलेली नाही.’ अर्ज कसला, तर कंप्युटर रात्रभर चालू ठेवण्याचा. विषयाच्या रकान्यात संशोधनाचं नाव लिहावं लागतं. माझं आहे ‘स्वनातीत प्रवाहातील हायड्रोजनचे ज्वलन : संगणकीय अभ्यास’. स्वनातीत म्हणजे आवाजाहून वेगवान. यातलं ‘संगणकीय अभ्यास’ दुसऱ्या ओळीत गेलं होतं, आणि दुसरी ओळ वाचायची आपल्याकडे पद्धत नाही.

प्रत्यक्ष गेलो. खुर्चीत निवृत्तीला टेकलेले एक काका होते, चष्मा कपाळावर.

“सिलिंडर किती?”

“एकही नाही.”

“मग जाळता काय?”

“काही जाळत नाही. समीकरणं सोडवतो.”

“ज्वलन असं तुम्हीच लिहिलंय. खाली सहीपण तुमचीच.” त्यांनी सहीवर बोट ठेवलं. “तापमान किती जातं?”

खोटं बोलायला हवं होतं. “अडीच हजार केल्विनच्या आसपास.”

“साध्या डिग्रीत सांगा.”

“बावीसशेच्या वर.”

चष्मा नाकावर आला. “आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर बसता?”

“काका, ते तापमान नुसतं आकड्यांत असतं.”

“आकड्यांतच असणार. तापमान काय अक्षरांत लिहितात?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

“बरं, आग लागली तर तुम्हाला कळणार कसं?”

इथे मात्र माझा तोल गेला. अहो, आग लागत नाही हेच तर माझं दुखणं आहे! माझा विषय स्क्रॅमजेट, म्हणजे स्वनातीत हवेतच इंधन जाळणारं इंजिन. त्यात हवा सेकंदाला किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. आत शिरून बाहेर पडेपर्यंत जेमतेम एक मिलिसेकंद. तेवढ्यात हायड्रोजनने तिच्यात मिसळायचं, पेटायचं आणि जळूनही संपायचं. त्यात वेग वाढला की दोन प्रवाह एकमेकांत मिसळायलाच तयार नसतात. पापामोस्कू आणि रोश्को या संशोधकांनी १९८८ साली दाखवलं की अशा वेगाला मिश्रणाचा थर जाड होण्याचा दर पाव-पंचमांशावर येतो. घाईच्या वेळी लोकलच्या दारात चढणारे आणि उतरणारे जितपत मिसळतात, तितपतच. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडवलेलं स्क्रॅमजेट पाच सेकंद पेटलं, तर देशभर पेढे वाटायची पाळी आली. आणि ती आग खरी होती. माझी कागदावरची. नऊ रासायनिक घटक, वीसेक अभिक्रिया, इंजिनातली जागा कापून केलेल्या कोट्यवधी चौकटी, आणि काळ पुढे सरकवायचा एकेका नॅनोसेकंदाने. म्हणजे एका मिलिसेकंदासाठी दहा लाख पावलं. एवढं करून सकाळी पडद्यावर काय, तर हवेची घनता उणे, म्हणजे अशक्यच, आणि गणित बंद.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे प्रयत्न चालू आहेत आग लावायचे,” ते म्हणाले आणि लिहूनही घेतलं.

मग त्यांना माझी दया आली. ऑनलाइन फॉर्ममधली सिलिंडरची यादी एकपासून सुरू होते, शून्य त्यात नाहीच. “एक टाकतो, रिकामा म्हणून.” टाकला. लगेच फॉर्मने विचारलं, रिकामा सिलिंडर ठेवण्याची खोली कोणती? तीही तपासावी लागेल म्हणाले.

शेवटी माझ्या संशोधनाच्या अनुदानातून दोन अग्निशामक नळकांडी घेतली. त्या पैशांत हार्ड डिस्क आली असती. नळकांडी टेबलाच्या दोन्ही बाजूंना द्वारपालांसारखी उभी आहेत, आणि खुर्ची मागे घेताना रोज एक तरी गुडघ्याला लागतं.

हसू येतं तोवर ठीक. पण सर्व्हरच्या खोलीतला एसी वीजबचतीच्या परिपत्रकामुळे रात्री बंद करतात. यंत्रं तापून आपोआप बंद पडतात आणि रात्रभराचं गणित वाया जातं. या अख्ख्या प्रकरणात खरी उष्णता काय ती तेवढीच. तिच्याबद्दलचा अर्ज मी कधीचाच दिलेला आहे. विद्युत विभाग म्हणतो, उष्णतेचा विषय सुरक्षेकडे. सुरक्षेकडे काका आहेत, आणि काका रजेवर गेलेत.