‘चोचले’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

ह्यांच्या शर्टांची गोधडी शिवल्याबद्दल मी जो लेख लिहिला, त्यावर परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. उत्तर द्यायचं नाही असं आधी ठरवलं होतं. पण दोन दिवस पतसंस्थेत पावत्या फाडताना डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहून मोकळी होते.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोल्विट्झ यांच्या शिल्पाबद्दल मी दिलेली माहिती चुकीची आहे. गोधडी ही थंडीची गरज होती, आम्ही शहरात बसून तिची कला केली. कलेने सगळ्यांचं दुःख हलकं होत नाही, तुमच्या आईला चित्रं काढूनही काही फरक पडला नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘दुःखातून कला वगैरे हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं त्यांना हे सुचत नाही.’

पहिली चूक मला मान्य आहे. कोल्विट्झ यांचं शोकमग्न आईवडिलांचं शिल्प १९३२ साली बेल्जियममधल्या व्लाड्स्लोला बसवलं असं मी लिहिलं होतं. ते बसवलं तिथल्याच रोगेवेल्डेला, जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत. १९५०च्या दशकात तिथली थडगी हलवली तेव्हा ते व्लाड्स्लोला गेलं. तुमचं बरोबर, माझं चूक. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण चूक दाखवायचीही एक रीत असते. ‘आधी नीट वाचा, मग लोकांना रडवा’ असं तुम्ही लिहिलंत. मी कुणाला रडवायला बसले नव्हते. नवरा गेल्यावर सहा वर्षांनी मी पहिल्यांदा त्याबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि त्याखाली स्वतःचं नावही न घालता तुम्ही हे लिहून गेलात. समोर बसून तुम्ही मला असं बोलला असतात का? मला नाही वाटत.

आता ते ‘चोचले’.

हे गेले २०१८च्या जूनमध्ये, शेहेचाळीस वर्षांचे असताना. आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीच्या दिवसांत पत्रकं. मशीनवर कर्ज होतं, त्याचे हप्ते मागे राहिले होते, त्यात दवाखान्याचं बिल. मुलगा दहावीत. तेराव्याला शेवटचे पाहुणे गेले आणि चौदाव्या दिवशी सकाळी दहाला मी काउंटरवर होते. तुम्ही म्हणता ना, दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागणारी माणसं, त्यांतलीच मी एक. पहिल्याच तासात एका खातेदाराने ‘साहेबांचं कळलं, वाईट झालं’ म्हणत पासबुक पुढे केलं आणि मी त्याची एंट्री करून दिली. दिवस तसाच जायचा. रात्र जायची नाही.

ह्यांचे शर्ट कुणाला तरी देऊन टाकावेत म्हणून मी श्रावणात कपाट उघडलं. अकरा शर्ट निघाले. प्रत्येकाच्या उजव्या बाहीच्या कफावर छापखान्याची शाई, काळी नाहीतर निळी. साबण, रॉकेल, लिंबू, सगळं करून झालं होतं, ते डाग कधी निघाले नाहीत. लग्नाची एकोणीस वर्षं त्या डागांवरून मी कुरकुर केली होती. असे डागाळलेले शर्ट कुणाला द्यायचे? तशीच बसून राहिले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन स्वतःची दोन विरलेली लुगडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘ही आत घाल. वरनं शर्ट लाव.’

अशी ती गोधडी सुरू झाली. काय सुचलं वगैरे नाही. रात्री भांडी झाली की साडेदहाला जमिनीवर अंथरायची, वर बसायचं आणि कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. मला शिवणाचं काही येत नव्हतं. अंगुस्तान घालूनही बोटं टोचून घ्यायचे. सासूबाई भिंतीला टेकून बघत. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता, हे मी लेखात लिहिलं नव्हतं, आता लिहिते. त्या सात महिन्यांत त्या मला ‘धीर धर’ एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या ते एवढंच, ‘तिथं टाका लांब पडलाय. उसव.’ मी उसवायचे. पुन्हा घालायचे. तांदळाएवढा टाका पडेपर्यंत त्या सोडत नसत. एकदा तर हाताएवढी ओळ मला तीनदा उसवायला लावली आणि तिसऱ्या वेळी आम्ही दोघी रडलो. ह्यांच्यासाठी त्या घरात आम्ही दोघी एकत्र रडलो ती पहिली वेळ. त्याआधी प्रत्येकीने आपापलं मोरीत जाऊन उरकलं होतं.

कफ मी कापून टाकले नाहीत. अकराही मधोमध लावलेत, शाई वर येईल असे.

याला चोचले म्हणतात?

आणि कामावर जाणाऱ्यांना सुचत नाही म्हणता, तर बहिणाबाई चौधरींना जात्यावर आणि शेतात कुठली फुरसत होती? तरुणपणी वैधव्य आलं, लिहिता-वाचता येत नव्हतं, घरच्यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून तर १९५२ साली, त्या गेल्यावर, ते शब्द आपल्या हातात आले. कोल्विट्झबाईंचे यजमान बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होते, दारात येणाऱ्या गरीब बायाच त्या आयुष्यभर चितारत आल्या. त्यांचा धाकटा मुलगा पीटर अठराव्या वर्षी, पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. वडील त्याला सैन्यात जायला परवानगी देत नव्हते, आईनेच त्यांचं मन वळवलं होतं. त्या बाईने त्याच्या स्मारकाचं, म्हणजे त्याच शिल्पाचं काम त्याच वर्षी मनावर घेतलं, १९१९ला सोडून दिलं, काही वर्षांनी पुन्हा हातात घेतलं. आधीच्या कल्पनेत मुलगा आडवा पडलेला होता. शेवटी तो राहिलाच नाही. उरले ते आईबाप, दोघं गुडघ्यांवर, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. अठरा वर्षं लागली. अठरा वर्षं कुणी चोचले करत नाही हो.

गोधडी ही गरज होती, हे मला तुम्ही सांगायला नको, मी गोधडीतच वाढले आहे. पण गरजेची वस्तू दुःखाची होऊ शकत नाही असं कुठे आहे? १९८७च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या आप्तांनी आणि मित्रांनी शिवलेले १,९२० तुकडे मैदानावर अंथरले होते. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. तीही गोधडीच.

तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यावर मी काय बोलणार, मी त्यांना ओळखत नाही. सगळ्यांचं दुःख हलकं होतं असं मी म्हटलंही नव्हतं. लेखात ‘होतं’ असं एक वाक्य आहे खरं, पण ते माझ्यापुरतं होतं, ते समजून घ्यायला हवं होतं.

माझं हलकं झालं का, असंही तुम्ही विचारलंय. हलकं नाही झालं. त्याला ठेवायला जागा झाली. आधी ते घरभर होतं, मोरीत, जेवताना, कपाटाच्या दारामागे. आता ते पलंगावर पायथ्याशी घडी घालून असतं. थंडीत मुलगा पुण्याहून आला की तीच ओढून झोपतो. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, त्यांची लुगडी आत आहेतच.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पटलं नाही तर पुन्हा लिहा, वाचेन. फक्त तो ‘चोचले’ शब्द मागे घ्या, आणि या वेळी खाली नाव घाला.