ट्रॅक्टर उघड्यावर ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

खंडेनवमीला आपण छोटा ट्रॅक्टर धुतला, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, स्टिअरिंगला झेंडूचा हार बांधला आणि बंपरावर नारळ वाढवून मुलांना खोबरे वाटले, म्हणजे वर्षभराच्या देखभालीतून आपण मोकळे झालात. कोकणातल्या एकपिकी भातशेतीत ह्या यंत्राचे खरे काम चिखलणीच्या, म्हणजे लावणीआधी पाणी भरलेल्या शेतात चिखल करण्याच्या, पंधरा-वीस दिवसांचे असते. त्यानंतर थेट पुढच्या मृगापर्यंत त्याने उभे राहायचे असते आणि ते कसे व कुठे उभे राहावे, ह्याविषयी आमच्या घराण्यात काही पक्के संकेत आहेत. ते आपल्याही उपयोगी पडावेत म्हणून इथे मांडतो. नारळाचे पाणी बंपरावरून ओघळून जिथे वाळते, तिथे दिवाळीपर्यंत बोटभर रुंदीचा तांबूस पट्टा उमटतो. तो पुसू नये. नवस फेडल्याची खूण समजून तसाच ठेवावा.

प्रथम जागेचा विचार. बैलांची जोडी होती तेव्हा तिच्यासाठी जांभ्याच्या चिऱ्यांचा गोठा होता, तो दरवर्षी पावसाआधी शाकारला जाई आणि डास चावू नयेत म्हणून संध्याकाळी तिथे धुरीही केली जाई. बैल विकून वीस अश्वशक्तीच्या आतला ट्रॅक्टर आणला तेव्हा तो गोठा रिकामा झाला, हे खरे. पण त्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्या, मोडका नांगर, आजोबांची आरामखुर्ची आणि कधीतरी लागतील अशी सत्तावीस कौले आधीच मुक्कामाला आली आहेत. साडेतीन-चार लाखांच्या यंत्रासाठी ह्या ऐवजाला हलवणे बरे दिसत नाही. शिवाय बैल जिवंत होते, त्यांना थंडी वाजत असे. लोखंडाला काय होते?

तेव्हा ट्रॅक्टर अंगणाच्या कडेला हापूसच्या झाडाखाली उभा करावा. सावली मिळते, असे घरात सांगता येते. पौष-माघात झाडाला मोहोर येतो, मोहोरावर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा बॉनेटवर, सीटवर, दिव्यांच्या काचांवर अहोरात्र बारीक बारीक पडत राहतो. त्यावर पुढे काळी बुरशी धरते आणि कंपनीने दिलेला लाल किंवा निळा रंग त्याखाली इतका सुरक्षित राहतो की तो कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

धुण्याचा प्रश्न आला म्हणून सांगतो : दसऱ्याला धुवायचा तो केवळ दर्शनी भाग. चिखलणीचा लाल चिखल पुढच्या आसाच्या सांध्यांत, माती घुसळणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांच्या मुळाशी आणि इंजिनाची ताकद त्याला पोचवणाऱ्या मागच्या पीटीओ शाफ्टच्या खाचांत वाळून बसलेला असतो, त्याला हात लावू नये. वाळला तरी तो ओल धरून ठेवतो आणि थंडीतले दव त्याला रोज पहाटे नव्याने भिजवते. ग्रीसगनने नवे ग्रीस भरले तर आत शिरलेले चिखलपाणी बाहेर येते व जमिनीवर डाग पडतो, म्हणून तेही टाळावे.

आता डिझेल. पुस्तिकेत लिहिलेले असते की यंत्र दीर्घकाळ उभे ठेवायचे असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवावी. ही पुस्तिका कंपनीची असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. वीस-एक लिटर डिझेल झाडाखाली सोडून द्यायला आपण काय सावकार आहोत? तळाशी चार लिटर ठेवून वरची जागा हवेला मोकळी सोडावी. दापोलीच्या बाजूला थंडीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तिशीच्या पुढे जातो. ह्या चढउताराने टाकी दिवसभर श्वास सोडते आणि रात्री बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. त्या हवेतले बाष्प गार पत्र्यावर थेंबाथेंबाने जमते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते निमूटपणे तळाशी, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या अगदी जवळ, जाऊन बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतूंची वसाहत होते आणि जूनमध्ये फिल्टरातून शेवाळासारखा काळपट लगदा निघतो. विहीर खणूनही पाणी न लागणाऱ्या वाडीत टाकीच्या तळाशी फुकट पाणी लागावे, ही काही थोडी गोष्ट नव्हे.

इंजिनातले ऑइल तर बदलूच नये. जुन्या ऑइलात जळलेल्या इंधनाची आम्ले उतरलेली असतात आणि त्यांना बेअरिंगांवर सावकाश काम करायला पुढच्या मृगापर्यंत निवांत फुरसत मिळते.

सायलेन्सरचा उभा नळकांडा आकाशाकडे तोंड करून उघडा ठेवावा, कारण तसाच तो रुबाबदार दिसतो. त्यावर उलटी करवंटी घालण्याची सूचना कोणी करील, पण कोकणात करवंट्या कुठून आणायच्या? कार्तिकात किंवा मार्गशीर्षात अवकाळीची एखादी सर हमखास येते. तिचे पाणी नळकांड्यातून उतरते आणि झडप उघडी राहिली असेल तर सिलिंडरात जाऊन पिस्टनच्या माथ्यावर विसावते. हवा गाळण्याच्या डब्यात गांधीलमाश्यांनी घर केले असले, तर श्वासाच्या दोन्ही वाटांचा बंदोबस्त झाला म्हणायचे.

एवढे करूनही झाकायचेच असेल तर निळी ताडपत्री घ्यावी. ती पार जमिनीपर्यंत ओढून नायलॉनच्या दोरीने अशी आवळावी की मातीतून उठणारी वाफ बाहेर जाता कामा नये. सकाळी तिची आतली बाजू भरल्या घामाने चमकते, ते पाहून आपल्याला आपल्या काळजीचे समाधान वाटते. ताडपत्रीला टेकूनच पेंढ्याची उडवी रचावी. भात कापून झाल्यावर शेतातले उंदीर बेघर झालेले असतात. वर उबदार पेंढा आणि आत वायरींचे मऊ वेष्टण, अशी सोय त्यांना शहरातही मिळणार नाही.

टायरांतली हवा, वर उचललेला रोटाव्हेटर, बॅटरीची तार ह्यांपैकी कशाकडेही बघू नये. चार चिऱ्यांवर आस टेकवला तर टायरांवरचा भार कमी होतो; पण चिरे बांधकामासाठी असतात. क्लचचे पेडल दाबून त्याला लाकडाचा ठोकळा लावून ठेवला तर दमट हवेत क्लचप्लेट चिकटत नाही, असे मिस्त्री सांगतात. मिस्त्री काय, काहीही सांगतात.

बॅटरीबद्दल मात्र एक विशेष विधी आहे आणि तो मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या हातून व्हावा लागतो. डिसेंबरच्या सुट्टीत तो येतो, ताडपत्री अर्धी वर करतो, ट्रॅक्टरवर बसून फोटो काढून घेतो आणि पाच मिनिटे इंजिन चालवून "मशीन चालू ठेवायला हवी, काका" असे आम्हाला ऐकवून परत जातो. त्या पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे जळणातून निघालेले पाणी ऑइलात आणि सायलेन्सरात तसेच राहते. आणि उभ्या उभ्या उतरलेली बॅटरी पुरती भरण्याइतकाही वेळ तिला मिळत नाही. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर असते. ती अशी उतरत गेली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग कितीही चार्ज केले तरी तिच्यात पूर्वीचा जीव येत नाही. पुतण्याचा फोटो मात्र उत्तम येतो.

मागच्या जूनमध्ये आम्ही ह्या साऱ्याचे फळ पाहिले. मृगाचा दुसरा दिवस, खाचरात पाणी भरलेले, रोपे लावणीला आलेली नसली तरी उखळ, म्हणजे पहिली नांगरट, करून ठेवायची घाई. किल्ली फिरवली तर आतून पाल चुकचुकावी तसा एक बारीक आवाज आला आणि थांबला. आजूबाजूच्या सात वाड्यांत मिळून मिस्त्री एकच आणि त्याच आठवड्यात सगळ्यांचे ट्रॅक्टर त्याच रीतीने जपून ठेवलेले. तो चौथ्या दिवशी आला. त्याने बॉनेट उघडले तेव्हा आत पेंढ्याचे नीट गोल घरटे होते, त्यात गुलाबी रंगाची पाच पिल्ले होती आणि घरट्याच्या तळाशी अंथरायला वायरींचे लाल-काळे तुकडे होते. मिस्त्रीने ते घरटे हळूच उचलून पायरीवर ठेवले, पडवीत कापडी खोळ घालून उभ्या असलेल्या आमच्या मोटारसायकलीकडे पाहिले आणि विचारले, "दादा, गोठ्यात काय बांधता आता?"

त्या साली चिखलणी तासाच्या भाड्याने करून घेतली. आपला ट्रॅक्टर श्रावणात सुरू झाला, तेव्हा शेतात त्याचे काही काम उरले नव्हते. म्हणून तो पुन्हा हापूसखाली नेऊन लावला.

दसऱ्याला हार मात्र मोठा घ्यावा. गेल्या वर्षीची फुले गळून गेली, तरी त्यांचा दोरा स्टिअरिंगला अजून करकचून बसलेला असेल आणि नवा हार बांधण्याआधी तो कापावा लागेल. कोयती शोधत बसू नये. ती गोठ्यात आहे, कोरड्या जागी, तेल लावून खुंटीला अडकवलेली.