आधी रंगभवन, मग स्टेडियम

मुंबईतल्या रॉकचा विषय निघाला की हल्ली गाडी थेट स्टेडियम नाहीतर रेसकोर्सवर जाते. यू टू, कोल्डप्ले, गन्स एन' रोझेस. कुणाला तिकीट मिळालं, कुणाचा नंबर रांगेतच राहिला, कुणी किती पैसे मोजले. मीही यातल्या काही शोना गेले आहे, हौसेने गेले आहे. पण या शहरात रॉक रुजलं ते धोबीतलावला, रंगभवन या उघड्या रंगमंदिरात. ते बंद पडून वीस वर्षं उलटली तरी त्याच्या तोडीची एकही जागा आपण उभी केलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आज त्यावरच लिहिते आहे. लांबण लागणार आहे, सवडीने वाचा.

आमचं घर गिरगावातलं. दादा कॉलेजात असताना त्याने कुठून तरी डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची 'मेड इन जपान' ही कॅसेट भरून आणली होती. ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोला झालेल्या कार्यक्रमांचं ते रेकॉर्डिंग. कॅसेटच्या कव्हरवर बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावं पुसट झाली होती आणि दुसरी बाजू संपत आली की टेप थोडी घरघरायची. पण त्यांच्या जॉन लॉर्डचा ऑर्गन! हा माणूस हॅमंड ऑर्गन गिटारच्या अँपमधून, म्हणजे अँप्लिफायरमधून, वाजवायचा, त्यामुळे त्या वाद्याला एक खरखरीत, अंगावर येणारा आवाज मिळायचा. स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटोपलेलं 'स्पेस ट्रकिन' इथे जवळपास वीस मिनिटं चालतं. बाबा किराणा घराण्याचे भक्त. ते एकदा पेपर बाजूला ठेवून ती वीस मिनिटं पूर्ण ऐकत बसले आणि म्हणाले, "एकमेकांचं ऐकून वाजवतायत रे ही मुलं." लाइव्ह संगीत कसं ऐकायचं ते मला त्या एका वाक्याने शिकवलं. तेव्हापासून कुठल्याही शोला मी आधी ड्रमर आणि बेसिस्ट (बेस गिटार वाजवणारा) एकमेकांकडे बघतायत का, ते बघते.

आता रंगभवन. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं, डोक्यावर उघडं आभाळ असलेलं रंगमंदिर. 1978 पासून जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव तिथे भरायचा. 1980 मध्ये 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड तिथे वाजवून गेला. त्यांचा गायक स्टिंग 2024 च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवाला आला, तेव्हा माझ्या मागे उभ्या असलेल्या एक बाई आपल्या मुलीला सांगत होत्या, "याला मी रंगभवनात ऐकलंय." त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. त्याही आधी, 1972 मध्ये, लेड झेपलिन या ब्रिटिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या क्लबमध्ये वाजवूनही गेले. म्हणजे रॉक मुंबईला नवखं कधीच नव्हतं. पण ते आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडेल असं झालं ते 1986 पासून, फरहाद वाडियांनी सुरू केलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवामुळे. सगळे त्याला आय-रॉकच म्हणायचे.

आय-रॉक ऑगस्टात. म्हणजे पाऊस ठरलेला. नव्वदच्या दशकातली ती संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. स्टेजवर अँपवर ताडपत्री टाकलेली, दोन पोरं फडक्याने माइकचे स्टँड पुसतायत, एक जण वायरींच्या जोडांना पुन्हा पुन्हा चिकटपट्टी गुंडाळतोय. खाली चिखल. गिटारिस्टने प्लग लावला की मोठ्ठा घूंऽऽ असा हम यायचा आणि तेवढ्यावरच पब्लिक ओरडायला लागायचं. मग ड्रमरने बास ड्रमवर एक ठोका दिला की तो कानात नाही, पोटात जाणवायचा. घरच्या टेपरेकॉर्डरने ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. मुली कमी असायच्या. आम्ही चौघी एकमेकींचे हात धरून पुढे घुसायचो आणि कुणी जास्त ढकलाढकली केली तर आजूबाजूची लांब केसांची, काळ्या टी-शर्टातली अनोळखी मुलंच कडं करून उभी राहायची. घरी काय काय ऐकवलं होतं अशा मुलांबद्दल! शो संपला की भिजलेल्या कपड्यांनी, कानात शिट्टी वाजत असताना, मेट्रो सिनेमाजवळून शंकरशेट रस्त्याने चालत घरी. टॅक्सीला पैसे नसायचे आणि लागायचेही नाहीत.

त्या वेळच्या पब्लिकची एक वाईट खोड होती. बहुतेकांना परदेशी बँडची गाणीच हवी असायची, जशीच्या तशी. स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून आरडाओरडा. अशा हवेत स्वतःची गाणी वाजवत राहिलेल्या बँडबद्दल मला आजही फार आदर आहे आणि त्यात पहिलं नाव रॉक मशीनचं. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. 1988 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले आणि आवाजही बदलला. पुढे बँड थांबला, सगळे पांगले, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा एकत्र येऊन 2012 मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' काढला. माझ्या मते तो भारतात झालेल्या सर्वांत उत्तम रॉक अल्बमपैकी एक आहे. वय वाढल्यावर माणसं कशी वाजवतात ते ऐकायचं असेल तर तो ऐका. घाई नाही, कुठेही उगाच वेग नाही. तिनईकरांची गिटार तर गाण्याला जेवढी हवी तेवढीच बोलते.

दिल्लीच्या परिक्रमा या बँडचं व्हायोलिन आणि विशाल ददलानीच्या पेंटाग्राम या बँडचा दणका यांच्याबद्दलही लिहायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.

2003 च्या सुमारास रंगभवनातला आवाज बंद झाला. कारण होतं ध्वनिप्रदूषणाचे नियम. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र, तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा. रॉकचा शो सहज शंभरच्या घरात जातो. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज आणि जवळच कामा आणि जी.टी. ही दोन रुग्णालयं. इथे मी स्पष्ट लिहिते: नियम बरोबर आहे. माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा बाहेरच्या डीजेमुळे ती सबंध रात्र तळमळली होती आणि मी उशाशी बसून काही करू शकत नव्हते. बाळंतिणीच्या खिडकीखाली कुणाचाच अँप नको, माझ्या लाडक्या बँडचाही नको. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. एक जागा योग्य कारणासाठी बंद केलीत, तर तिच्या बदल्यात दुसरी का नाही दिली? मध्यंतरी त्या जागेवर मराठी भाषा भवन बांधायची चर्चा झाली, मग त्यासाठी चर्नी रोडची जागा निवडली गेली. रंगभवन मात्र तसंच राहिलं, आणि आय-रॉक मुंबईभर जागा शोधत फिरत राहिला.

मधल्या काळात मोठे शो आले आणि त्यांनी मला भरभरून दिलं, हे नाकारणार नाही. 2007 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स आला आणि त्याने त्या बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. 1973 चा अल्बम, आणि आजूबाजूला तो तेव्हा विकत घेतलेली माणसं उभी होती, काही जण तर नातवंडं घेऊन.

आणि 1 फेब्रुवारी 2008. आयर्न मेडन, ब्रिटिश हेवी मेटल बँड. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला शो मुंबईत होता. गायक ब्रूस डिकिन्सन वैमानिक आहे. त्याने स्वतः बोईंग 757 चालवत बँड, माणसं आणि सामान घेऊन लंडनहून मुंबई गाठली होती. 'एड फोर्स वन' म्हणून पुढे जगभर गाजलेल्या त्या विमानाचा पहिला मुक्काम आपलं शहर! मैदानावर धूळ इतकी की नाकाला रुमाल बांधला होता. मणिपूर, मिझोराम, शिलाँगहून दोन-दोन दिवस रेल्वेत बसून आलेली मुलं भेटली. आमच्यापेक्षा त्यांना प्रत्येक शब्द पाठ होता. सुरुवातीला चर्चिलचं भाषण लागलं आणि तेही हजारो गळ्यांनी त्याच्याबरोबर म्हटलं. मग 'एसेस हाय' हे गाणं. त्यांचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस एक पाय स्टेजवरच्या स्पीकरवर ठेवून, बेस बंदुकीसारखी रोखून, प्रत्येक ओळ ओठांनी म्हणत वाजवत होता. गायकाचा माइक त्याच्यापुढे नव्हता. तो स्वतःसाठी म्हणत होता. बँड सुरू होऊन तीस वर्षं होऊन गेलेली, आणि या माणसाला अजून आपली गाणी इतकी आवडतात! 'फिअर ऑफ द डार्क' या गाण्याला शब्द सुरू व्हायच्या आधी गिटारची सुरावट पब्लिकच गातं, 'ओ ओ ओऽ' करत. त्या रात्री ती गाताना माझा आवाज बसला आणि पुढे दोन दिवस ऑफिसात मी खुणांनी बोलत होते. माझ्या आयुष्यातला सर्वांत आवडता शो कोणता, तर हाच.

पण मेडन येतात आणि जातात. गावात रॉक राहतं ते इथल्या बँडमुळे. आणि त्यांची आजची अवस्था बघा. एकीकडे रेसकोर्स आणि स्टेडियम, तिकीट हजारोंच्या घरात. दुसरीकडे बार आणि क्लब, शे-दोनशे माणसांचे. 'ब्लू फ्रॉग'सारखी उत्तम साउंड असलेली जागा 2016 ला बंद झाली. आहेत ते क्लब चालवणारे जीव टाकून चालवतात, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण बार म्हटला की दारावर वय विचारतात. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एकवीसच्या आतल्यांना प्रवेशच नाही. म्हणजे मी ज्या वयात रंगभवनात चिखल तुडवत होते, त्या वयाच्या मुलीला आज आपल्याच शहरातला बँड समोर उभं राहून ऐकता येत नाही. तिने करायचं काय? मोबाइलवर बघायचं. गिटार वाजवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला तर स्टेज मिळायचंच नाही. यातून पुढचा बँड कुठून येणार?

कॉलेजांचे महोत्सव आहेत म्हणून थोडंफार निभावतं. पवईच्या आयआयटीत मूड इंडिगो महोत्सवात 2009 ला पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड वाजवून गेला, तिथलं उघडं थिएटर तरुणांनी खचाखच भरलेलं असतं. पुण्यात 2010 पासून एनएच सेव्हन वीकेंडर या महोत्सवाने हे काम फार सुंदर केलं. गिटारिस्ट स्टीव्ह वाय, ओपेथ हा मेटल बँड यांच्यासारखी नावं एका स्टेजवर आणि त्याच दुपारी शेजारच्या स्टेजवर कुणालाही माहीत नसलेला नवा बँड. मी पुण्याला गेले की आधी दुपारचे शो बघायचे. पण महोत्सव वर्षातून एकदा. रोजचं व्यासपीठ ते नव्हे.

एका मोठ्या शोची गोष्ट सांगते. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत पाणी दामदुप्पट, बायकांच्या टॉयलेटची रांग एवढी की माझ्या पुढच्या मुलीचं आवडतं गाणं रांगेतच होऊन गेलं. ती रडत होती. इतके पैसे घेऊन माणसाला पाणी आणि शौचालय देता येत नसेल, तर तो शो कितीही भव्य असो, मी त्याला चांगला म्हणणार नाही.

म्हणून मला हवंय ते असं. तीन-चार हजार माणसांचं, कायमचं, उघडं रंगमंदिर. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल असं. रुग्णालयं आणि घरांपासून लांब, स्पीकरची तोंडं वस्तीकडे नसतील असं, आणि रात्री दहाला बंद होणारं. चार वाजता सुरू करा, सहा बँड वाजवून दहाला घरी. दारूचा स्टॉल नको, म्हणजे वयाचा प्रश्नच उरत नाही. तिकीट विद्यार्थ्याला परवडेल एवढं. आणि ते एकट्या रॉकचं कशाला? रंगभवनही एकट्या रॉकचं नव्हतं. शनिवारी शाहिरी, रविवारी मेटल, पुढच्या आठवड्यात अभंगांना ड्रम आणि गिटारच्या खरखरीत आवाजाची जोड देणारा 'अभंग रिपोस्ट' हा बँड. त्यांच्या शोला कपाळाला बुक्का लावलेले काका आणि नाकात रिंग घातलेली मुलगी शेजारी शेजारी नाचताना मी पाहिलेत.

जागा नाही असं कुणी म्हणू नये. 2022 च्या नोव्हेंबरात आय-रॉक परत आला तो माझगावला, समुद्राच्या कडेला बंदराच्या परिसरात. शेजारी रुग्णालय नाही, दाट वस्ती नाही, डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ. पूर्व किनाऱ्यावरच्या जमिनीचं पुढे काय करायचं याच्या योजना गेली कित्येक वर्षं होतायत. त्या नकाशात एक रंगमंदिर बसत नाही? आपले नगरसेवक, आमदार मतं मागायला येतील तेव्हा मी हे विचारणार आहे, तुम्हीही विचारा. मैदान आणि वाचनालय मागतो तसं हेही हक्काने मागायला हवं.

आणखी एक विनंती. रंगभवनच्या आय-रॉकची तिकिटं, पत्रकं, फोटो कुणाकडे असतील तर कमेंटमध्ये टाका. तेव्हा हातात मोबाइल नव्हते, त्यामुळे फार थोडं उरलंय. वर्ष आठवत असेल तर तेही लिहा, आणि त्या दिवशी कोणकोणते बँड वाजले तेही.