मेल्यावरचं दान कुणाच्या खिशातून?

"मेल्यावर दान करण्यात कसला आलाय त्याग? जिवंतपणी हात आखडता आणि गेल्यावर दानशूर!"

मृत्युपत्रात एका संस्थेसाठी वाटा ठेवतोय म्हटल्यावर मित्राने तोंडावर ऐकवलं. राग आला. दोन दिवसांनी वाटलं, बरोबरच बोलला की. माझं काहीच जाणार नाही, जाणार मुलांचं. दान लिहिणार मी, करणार वारस.

म्हणूनच ते गुपचूप लिहून कपाटात ठेवणं मला आता लबाडी वाटते.

आल्फ्रेड नोबेल यांचंच घ्या. २७ नोव्हेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये त्यांनी मृत्युपत्रावर सही केली. वकिलाचा सल्ला नाही. बक्षिसं ज्यांनी ठरवायची त्या संस्थांनाही विचारलेलं नाही. पुढच्या वर्षी १० डिसेंबरला ते गेले आणि नातेवाइकांना कळलं, तीन कोटींहून जास्त क्रोनरमधला बहुतेक पैसा बक्षिसांना! काही पुतणे भांडायला उभे राहिले. खुद्द स्वीडनचे राजे ऑस्कर दुसरे यांनाही हे मृत्युपत्र पसंत नव्हतं. त्यांनी इमॅन्युएल या पुतण्याचं मन वळवायचा प्रयत्न केला. तो बधला नाही. काकांच्या इच्छेच्या बाजूने राहिला. १८९८ मध्ये तडजोड झाली, १९०१ मध्ये पहिली बक्षिसं दिली गेली. नाव काकांचं झालं. मला विचाराल तर अर्धं दान इमॅन्युएलचं.

पण प्रत्येकाच्या घरात इमॅन्युएल असतोच असं नाही. असला तरी त्याला अंधारात का ठेवायचं?

मी आधी ठरावीक रक्कम लिहिली होती. वकीलबाईंनी विचारलं, "शेवटच्या आजारपणात बचत संपली तर?" अशी रक्कम साधारणपणे आधी चुकती होते आणि घरच्यांना मिळतं ते उरलेलं. म्हणजे संस्थेला पूर्ण आणि मुलांच्या हाती चणेफुटाणे! उलट पंचवीस वर्षं जगलो तर महागाई त्याच रकमेचा चुरा करून ठेवणार. आता लिहिलंय, देणी भागवून जे उरेल त्याचा दहावा हिस्सा. कमी उरलं तर सगळ्यांनाच कमी.

हेतूही फार आवळून बांधायचा नाही. अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन १७९० मध्ये गेले, तेव्हा बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला प्रत्येकी हजार पौंड ठेवून गेले. अट अशी की दोनशे वर्षं त्यातून उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुण, विवाहित कारागिरांना कर्ज द्यायचं. पुढे उमेदवारी करून कारागीर होण्याची पद्धतच मागे पडली आणि अटीत बसणारे कर्जदार मिळेनासे झाले. इतक्या हुशार माणसाची ही गत, मग आपण कोण! मी कलम सैल ठेवलंय, आणि संस्था बंद पडली तर वाटा कुणाकडे जाईल तेही लिहिलंय.

मग मुलांना बसवून मसुदा वाचून दाखवला. मुलगा "तुमचा पैसा, तुमची मर्जी" म्हणून मोकळा झाला. (हे मला फारसं आवडलं नाही, खरं सांगतो.) मुलगी गप्प. मला वाटलं, दुखावली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "बाबा, संस्थेचं नाव चुकलंय. तुम्ही लिहिलंय ते बोलीतलं, नोंदणीतलं वेगळंच आहे. नोंदणी क्रमांकही घाला. उद्या हेलपाटे मलाच घालायचेत ना?"

बुधवारी दोघं मिळून वकीलबाईंकडे जातोय.